कुवारबावला पखवाजवाला हवा

"धोंडू येईल तर कुवारबावलाच येईल! तो नाचण्यात गेला, तर ही मिशी उतरवून ठेवीन!"

हरिश्चंद्र नार्वेकरांनी ही प्रतिज्ञा केली ती रत्नागिरीच्या नाचणे भागातच, साडूच्या घरी, साडूच्या बायकोने वाढलेली सोलकढी ओरपत. साडू म्हणजे रघू मयेकर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि नवरे सख्खे वैरी! वैर कशावरून, तर एक कुवारबावला राहतो आणि दुसरा नाचण्यात. मधलं अंतर इतकं, की रिक्षात नीट टेकून बसेपर्यंत उतरायची वेळ येते. पण एकाने दुसऱ्याच्या वस्तीबद्दल बरा शब्द काढलेला रत्नागिरीत कुणी ऐकला नव्हता.

"कुवारबावला राहायचं म्हणजे हायवेवर चटई टाकून झोपायचं," रघू म्हणायचे. "कोल्हापूरच्या ट्रकने हॉर्न दिला की तुमच्याकडे कपाचा कान तुटतो!"

"आणि नाचण्यात? माणसं कमी, वांदर जास्त! परवा एक तुमच्या बाल्कनीत पेपर उघडून बसला होता. मी खालून हात केला. मला वाटलं, तुम्हीच!"

"आमच्याकडून मारुती मंदिर जवळ!"

"आमच्याकडून रेल्वे स्टेशन जवळ!"

"म्हणून काय, रोज गाडीला टाटा करायला जाता?"

हे असं चालायचं. दोघी बहिणी आत गजालीत रंगलेल्या असायच्या. नवऱ्यांचा आवाज अगदीच चढला, तर एक जण येऊन पानात भात वाढून जायची. तोंडात भात असला की माणूस निदान घासापुरता तरी गप्प बसतो.

पण यंदाचा वाद वांदरांवर आणि ट्रकांवर मिटणारा नव्हता. यंदा प्रश्न होता पखवाजाचा!

त्याचं असं झालं. हरिश्चंद्र हे कुवारबावच्या 'सागरछाया' सोसायटीच्या भजन मंडळाचे बुवा. (सागरछायेतून सागर दिसत नाही आणि छायाही पडत नाही, पण नाव मोठं गोड आहे.) उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केल्यामुळे बुवांचा आवाज असा, की देवाला आळवायला लागले तरी पुढचे लोक आपोआप आणखी पुढे सरकायचे. मंडळ चांगलं जमलं होतं. एवढ्यात मंडळाचा पखवाजवाला मुलाकडे पुण्याला कायमचा राहायला गेला. गेल्या गणपतीत सोसायटीचा तरुण सेक्रेटरी ओमकार याने पाण्याचं निळं पिंप पालथं घालून त्यावर ठेका धरला. साडू म्हणून रघूंना आमंत्रण होतं. ते शेवटपर्यंत मान खाली घालून बसले. प्रसाद घेतला आणि निघताना एवढंच म्हणाले, "पाण्याची सोय मात्र झकास आहे हो तुमच्याकडे!"

ते वाक्य बुवांच्या काळजात रुतून बसलं. खरं तर रघूंनी तरी कशाला बोलावं? ते नाचण्याच्या मंडळाचे बुवा, आणि त्यांचाही पखवाजवाला जहाजावर नोकरीला लागून समुद्रावर गेला होता.

अशा वेळी बातमी आली, की जयगडचा धोंडू रत्नागिरीला राहायला येतोय!

धोंडू म्हणजे पखवाजातला बाप माणूस. त्याने जयगडात थाप मारली की खाडीपलीकडे तवसाळात म्हातारे मान डोलवतात, असं लोक सांगतात. पोर्टातल्या नोकरीतून तो निवृत्त झाला होता. डॉक्टर जवळ, बाजार जवळ, म्हणून नवरा-बायकोने शहरात फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं. एक फ्लॅट रघूंनी नाचण्यात बघून ठेवला होता, दुसरा सागरछायेत बुवांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर रिकामा होता. येत्या रविवारी दोघं फ्लॅट बघायला यायची होती. म्हणून तर ती प्रतिज्ञा!

शुक्रवारी बुवांच्या बायकोने, दमयंतीबाईंनी, धोंडूच्या बायकोला, जनीला, फोन केला. मोबाइल ठेवून त्या म्हणाल्या, "जनीवहिनींनी एकच गोष्ट विचारली. तिथे शांत हाय का, म्हणाल्या."

"बघितलंस?" बुवा उसळले. "रघूने कान भरले! हायवे, ट्रक, हॉर्न, सगळं सांगून ठेवलंन!"

"अहो, पण त्यांना शांतता कशासाठी हवीय, ते तरी विचारू का?"

"त्यात विचारायचं काय? तू गप बस. अशी शांतता दाखवतो, की नाचण्यातला तलावसुद्धा तिच्यापुढे गोंगाट वाटेल!"

दमयंतीबाई भाजी निवडायला गेल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा कधी ऐकतो आणि कधी ऐकत नाही, हे त्यांना पाठ होतं. ही न ऐकण्याची वेळ होती.

शनिवारी पार्किंगमध्ये बुवांनी सगळी सोसायटी गोळा केली. रविवारी सकाळपासून बुवा सांगेपर्यंत कुकर लावायचा नाही, भात टोपात शिजवायचा. मिक्सर बंद, खोबऱ्याचं वाटप आदल्या दिवशी करून ठेवायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या गौरवने बुलेट सुरू करायची नाही, ढकलत गेटाबाहेर न्यायची. माशेवाली मैना दर रविवारी पाटी घेऊन यायची आणि तिची हाक पार स्टेशनपर्यंत जायची. तिलाही दम भरला.

"मैने, उद्या वरडायचं नाही."

"वरडायचं नाय? मंग बांगडे काय मनातल्या मनात इकू?"

"दाराची बेल मार. एकदाच. आणि खुणेने बोल."

"बुवा, कोन आजारी हाय काय घरात?" मैनाने काळजीने विचारलं.

आता राहिलं मंडळ. बुवांचा खरा हुकमी पत्ता तोच होता. मंडळाने वर्गणीतून नवाकोरा पखवाज आणून ठेवला होता. बुवांचा बेत असा, की जनीवहिनींना शांतता पटली, की त्या दमयंतीबरोबर फ्लॅट बघायला वर जातील. मग खालच्या मीटरच्या खोलीत लपवलेलं मंडळ भजन सुरू करील, धोंडूला तिथे न्यायचं, समोर पखवाज ठेवायचा. त्याचे हात शिवशिवले की काम फत्ते!

"पण बुवा," ओमकारने डोकं खाजवलं, "आपण शांतता दाखवतोय ना? मग भजन?"

"मूर्खा, भजन म्हणजे काय आवाज आहे?" बुवा कडाडले. "भजन म्हणजे भजन!"

खूणही ठरली. बुवांचा फ्लॅट तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागूनच. दाराची बेल तिथे स्वच्छ ऐकू जायची. "एसटीतला नियम लक्षात ठेवा," बुवांनी मंडळाला बजावलं. "दोन बेल, गाडी सुरू. एक बेल, गाडी बंद. सिंगल ऐकलीत तर श्वाससुद्धा घ्यायचा नाही!"

रविवार उजाडला. ठरल्याप्रमाणे पाहुणे शहरातल्या स्टँडवर उतरायचे आणि रघू त्यांना आधी नाचण्यात न्यायचे होते. पण निवळीवरून येणारी जयगडची गाडी आधी कुवारबाववरून जाते, हे एसटीवाल्याला कुणी शिकवायला हवं का? बुवा थांब्यावर उभे राहिले, गाडीला हात केला, आणि "अहो उतरा, उतरा, आलं तुमचं ठिकाण!" असं म्हणत दोघांना पिशव्यांसकट खाली उतरवून घेतलं. तिकडे रघू स्टँडवर हातात गजरा घेऊन उभेच!

सागरछायेत पाऊल टाकलं आणि बुवाच चमकले. अशी शांतता त्या इमारतीने बांधल्यापासून पाहिली नव्हती. वर कुणी लसूण सोलला तर खाली ऐकू यावा! जिन्याशी भेटलेल्या शेजारच्या ईशाने नुसते हात जोडले. गौरव घामाघूम होऊन बुलेट ढकलत बाहेर निघाला होता. तोही नुसता हसला.

जनीवहिनी म्हणजे लहानखुरी, अबोल बाई. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, हातात कापडी पिशवी. त्या पार्किंगच्या मधोमध थांबल्या, मान तिरपी केली आणि ऐकत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की पेढा जिभेवर विरघळतोय असं वाटावं.

धोंडू मात्र कासावीस. "बुवा," तो कुजबुजला, "तुमचं मंडळ खंय दिसत नाय ता?"

"शूऽऽ!" बुवांनी डोळा मारला.

"डोल्यात काय गेलं काय?"

घरात चहा झाला. ओमकार सोसायटीतर्फे माहिती द्यायला आला होता. बुवांनी त्याला इतकं पढवलं होतं, की पोरगं थांबेचना. "काकू, आमच्याकडे मुलं रांगतानासुद्धा पाय उचलून रांगतात! रेडिओ नाही, लाउडस्पीकर नाही. टाळीसुद्धा वाजत नाही!"

"आनि पेटी?" जनीवहिनींनी विचारलं. आल्यापासूनचे त्यांचे पहिले शब्द.

"छे! नाव काढू नका!"

"टाळ?"

"सोसायटीचा नियमच आहे! वाद्य म्हणून काही आत आणायचंच नाही!"

बुवांनी त्याच्या पायावर पाय दिला. ती त्याला शाबासकी वाटली.

जनीवहिनी पुढे सरकून बसल्या. आवाज अगदी खाली गेला. "पखवाज?"

"पखवाज? काकू, इथे पखवाज ऐकायचा तर सोडाच, बघायलासुद्धा मिळणार नाही!"

धोंडूचं बिस्किट चहात बुडालं. त्याने ते काढायचा प्रयत्नही केला नाही.

आणि जनीवहिनींचा बांध फुटला. "काय सांगू वैनी! लगीन करून आले त्या दिवसापास्नं ऐकतंय. सकाळी उठलं की आदी पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कनीक मलायची, मंग चपातीची! पावनं आलं तर चपात्या कमी पडतील, पखवाजाला कनीक कमी पडता नये! जेवताना ताटावर ठेका. झोपेत माज्या पाठीवर ठेका! एकदा सपनात तिहाई घेतलानी, एकच बोल तीनदा, नि मी खाटेवरनं खाली! माज्या जिवाला आता थोडी शांतता हवीय वो. बाकी मला कायेक नको."

दमयंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. 'विचारू का' म्हणून त्या शुक्रवारीच म्हणाल्या होत्या, हे त्यांना तोंडाने सांगावं लागलं नाही.

भिंतीपलीकडे मीटरच्या खोलीत मंडळ टाळ उगारून बसलेलं! कसंही करून त्यांना थांबवायला हवं. एक बेल, गाडी बंद! "आलोच," असं पुटपुटत बुवा दाराकडे धावले.

त्याच क्षणी, सांगितल्याप्रमाणे अगदी इमानदारीने, मैना पाटी घेऊन दाराशी आली आणि तिने बेल दाबली. एकदाच.

टिंग-टाँग!

बुवांनी दार उघडलं, मैनाला बाजूला सारलं आणि मंडळाला थांबवायला स्वतः बेल दाबली. एकदाच.

टिंग-टाँग!

"आवं, मी मारली ना बेल!" मैना म्हणाली.

एक आणि एक दोन झाले, हे बुवांना उमगलं तेव्हा गाडी सुटली होती. सकाळपासून त्या कोंदट खोलीत दम कोंडून बसलेल्या मंडळाने असा काही गजर लावला, की जिन्यातल्या खिडक्यांची तावदानं थरथरली! टाळ, झांजा, पेटी, आणि पखवाज धोंडूसाठी राखून ठेवल्यामुळे साथीला पुन्हा तेच निळं पिंप!

वरच्या बिऱ्हाडांना वाटलं, सुटलो, बुवांनी परवानगी दिली. मिक्सर घरघरले. कुकर चढले. गौरवने गेटाबाहेर बुलेटला अशी किक मारली, की गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. मैनानेही खुणा सोडल्या आणि "घ्या वो बांगडेऽऽ ताजे फडफडीत!" अशी हाळी दिली.

"ह्ये काय?" जनीवहिनी पांढऱ्याफटक पडल्या. "ह्ये कोन?"

माणूस संकटात सापडला की त्याला आधी साडू आठवतो. "हे आमचे नव्हेत!" बुवा ओरडले. "हे नाचण्याचे! रघूने पाठवलेत, आमची शांतता बिघडवायला! ओमकार, काढ त्यांना बाहेर!"

ओमकार बिचारा कमालीचा आज्ञाधारक. त्याने धावत जाऊन मंडळाला भजनासकट गेटाबाहेर काढलं. पेटी निघाली, टाळ निघाले, नवाकोरा पखवाजही निघाला. "अरे पण बुवांनीच तर डबल बेल—" मंडळ कळवळून सांगत होतं.

"कोण बुवा?" खिडकीतून हरिश्चंद्र गरजले. "मी ओळखत नाही तुम्हाला!"

हे म्हणताना त्यांनी कुणाच्याही डोळ्याला डोळा दिला नाही. त्यातल्या प्रत्येकाशी त्यांची इतक्या गणपतींची ओळख होती.

नेमके तेव्हाच रघू स्कूटरवरून आले. स्टँडवर उभं राहून तोंड उकडलेल्या कुर्लीसारखं लाल झालेलं, हातात सुकलेला गजरा. समोर रस्त्यावर उभं राहिलेलं अख्खं कुवारबाव भजन मंडळ पाहून त्यांचा राग जागच्या जागी विरला.

"काय रे, बाहेर काढलं तुम्हाला? स्वतःच्या बुवाने?" रघू कळवळून म्हणाले. "चला आमच्याकडे! आमच्या हॉलमध्ये सतरंजी घातलेलीच आहे!" मग खिडकीत धोंडू दिसताच त्यांनी हात उंचावला. "धोंडू, तू पण चल! नाचण्यात रोज संध्याकाळी भजन! रोज! तुझा फ्लॅट तर आमच्या हॉलच्या बरोबर वर आहे. एक ताल चुकणार नाही!"

रघूंना वाटलं, आपण बाजी मारली.

जनीवहिनी उठल्या. त्यांनी पदर खोचला. "आमचं ठरलं," त्या म्हणाल्या. "कुवारबाव! जिथं भजनवाल्यांना हाकलून देतात, तिथंच मला ऱ्हायाचं!"

बुवा जिंकले. प्रतिज्ञा खरी ठरली. धोंडू कुवारबावला येणार, त्यांच्या डोक्यावर राहणार! आणि बुवांना रडावंसं वाटत होतं.

धोंडूने पिशवीचा बंद बोटांवर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "जने," तो हळूच म्हणाला, "मंग मी करू काय? नुसता बसून ऱ्हाऊ?"

त्या एवढ्याशा प्रश्नाने जनीवहिनींचा पदर पुन्हा सुटला. त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं पिशवीवरसुद्धा ठेका धरून होती.

"वाजवा की," त्या म्हणाल्या. "मी कदी नको बोलले? कनीक पन मलून दीन. पन मला ऐकू येता नये. नाचण्यात जाऊन वाजवा."

अशी सगळ्यांची सोय झाली. गणपतीच्या आधी धोंडू आणि जनीवहिनी सागरछायेत राहायला आले. ओमकारने तोंडाने सांगितलेला नियम सोसायटीला इतका आवडला, की पुढच्या सभेत तो खरोखरच मंजूर झाला. आता बुवा अंघोळीला गेले आणि सवयीने गुणगुणले, की वरच्या फरशीवर लाटणं आपटल्याचा आवाज येतो. दमयंतीबाई म्हणतात, लग्न झाल्यापासून एवढी सुखाची सकाळ त्यांनी पाहिली नव्हती.

कुवारबावचं मंडळ आता नाचण्यात बसतं. नवा पखवाजही तिकडेच आहे. बुवा अर्थात रघू. धोंडूला स्कूटर येत नाही आणि रिक्षात बसलं की त्याचा गुडघा धरतो, म्हणून त्याला रोज संध्याकाळी नाचण्यात पोचवायचं काम हरिश्चंद्रांकडे आलं. मागच्या सीटवर धोंडू, आणि धोंडूच्या मांडीवर डब्यात जनीवहिनींनी मळून दिलेली कणीक.

पहिल्या दिवशी बुवांनी ठरवलं होतं, की पोचवायचं आणि बाहेर स्कूटरवरच बसायचं. साडूच्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. आतून धोंडूची पहिली थाप आली. बुवांच्या अंगावर काटा उभा राहिला. दुसऱ्या थापेला डोळे भरले. तिसऱ्या थापेला ते आत होते, मागच्या ओळीत, हातात टाळ घेऊन. ही वस्ती कुणाची आणि हॉल कुणाचा, हे त्यांना भजन संपेपर्यंत आठवलं नाही.

"या नार्वेकर," प्रसाद देताना रघू म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलंच, "त्या मिशीचं काय झालं हो?"

"मिशीला काय धाड भरलीय?" बुवा गुरगुरले. "धोंडू राहतो कुठे? कुवारबावला! झालं तर मग!"

खरंच आहे ते. मिशी अगदी शाबूत आहे. रोज संध्याकाळी नाचण्याला जाताना हेल्मेटात थोडी चुरगळते, एवढंच!